शिडीच्या कुठल्या पायरीवर?

एखाद्या अनोळखी माणसाचं उत्पन्न किती असेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर त्याचं शिक्षण, वय, धंदा यांतलं काहीही न विचारता फक्त त्याचा देश विचारावा. ब्रांको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की जगभरातल्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग माणूस कुठल्या देशात राहतो एवढ्यावरूनच कळतो. नॉर्वेतला बसचालक आणि नायजरमधला बसचालक करतात तेच काम, पण त्यांच्या कमाईत कितीतरी पटींचा फरक असतो.

आता याच माणसांना दुसरा प्रश्न विचारू या: तुमचं स्वतःचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं? इथे चित्र पार पालटतं. समाधानाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग देशादेशांमधला नसतो, एकाच देशात राहणाऱ्या माणसांमधला असतो. दरवर्षी २० मार्चच्या सुमारास वर्तमानपत्रांत यादी येते: फिनलंड पहिला, अफगाणिस्तान शेवटचा, भारत कुठेतरी शंभराच्या पलीकडे. आपण त्या यादीतली अंतरं मोजत बसतो आणि खरा विस्तार राहतो तो प्रत्येक देशाच्या त्या एकुलत्या एक आकड्याच्या आत. मला स्वतःला हे कळलं तेव्हा ती यादी वाचण्याची माझी रीतच बदलली.

मुळात समाधान मोजतात तरी कसं? पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी एक शिडी कल्पिली. सर्वांत खालची पायरी शून्य, सर्वांत वरची दहा. तुमच्या दृष्टीने जे सर्वांत उत्तम आयुष्य असू शकेल ते वरच्या टोकाला, सर्वांत वाईट आयुष्य खालच्या टोकाला. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? एवढंच. शिडीची दोन्ही टोकं उत्तर देणाराच ठरवतो, आणि हीच त्या प्रश्नाची खरी ताकद. कँट्रिल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून डझनभराहून अधिक देशांत ही शिडी फिरवली आणि १९६५ साली त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. भारतात हे सर्वेक्षण झालं १९६२ च्या सुमारास.

त्या वेळी माणसांनी आपापली वरची पायरी कशी रंगवली याची उत्तरं नोंदलेली आहेत, आणि ती वाचताना गलबलून येतं. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या एका भारतीय माणसाला हवा होता मुलगा, स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा, स्वतःचं घर, दुधातुपासाठी एक गाय आणि बायकोसाठी जरा बरे कपडे. त्याच प्रश्नावर एका अमेरिकन माणसाची दहावी पायरी होती घर नीट चालवता येईल एवढी कमाई, नवी मोटार, एक बोट आणि चारही मुलांना खासगी शाळा. त्या पाहणीत भारताची सरासरी आली ३.७ आणि अमेरिकेची ६.६. दोघांच्याही शिड्या दहाच पायऱ्यांच्या, पण एकाच्या दहाव्या पायरीवर गाय आणि दुसऱ्याच्या दहाव्या पायरीवर बोट. तरीही हे आकडे शेजारी ठेवता येतात, कारण प्रश्न मालमत्तेबद्दल नाही. माणसाला जे हवं होतं आणि जे मिळालं त्यांच्यातलं अंतर तो विचारतो.

आज हीच शिडी गॅलप ही संस्था जगभर फिरवते. २००५ पासून, बहुतेक देशांत दरवर्षी साधारण हजार माणसांना. या उत्तरांची सरासरी काढून देशांची क्रमवारी लागते. पण सरासरी हे फार लबाड साधन आहे. दोन देशांची कल्पना करा. पहिल्या देशात झाडून सगळे पाचव्या पायरीवर आहेत. दुसऱ्यात अर्धी माणसं पहिल्या पायरीवर आणि अर्धी नवव्या. दोन्हीकडे सरासरी पाचच येते. यादीत हे देश शेजारी शेजारी बसतील. पण दुसऱ्या देशात रोज सकाळी बाहेर पडल्यावर तुम्हाला दिसणारी प्रत्येक दुसरी व्यक्ती आपलं आयुष्य जवळपास वाया गेलं असं मानणारी असेल. हे दोन समाज एकसारखे आहेत असं कोण म्हणेल?

म्हणून काही संशोधक सरासरीच्या जोडीला पसारा मोजतात. शाळेत शिकलेलं प्रमाण विचलन इथे कामी येतं: माणसं सरासरीभोवती घोटाळताहेत की दोन टोकांना पांगली आहेत, हे ते सांगतं. दरवर्षी ती यादी काढणाऱ्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'ने २०१६ साली या पसाऱ्यावर भर दिला आणि देशांची नवी क्रमवारी लावली. सर्वांत कमी विषमता निघाली भूतानमध्ये, प्रमाण विचलन साधारण १.३. सरासरीच्या यादीत मात्र भूतान पहिल्या पन्नासातही नव्हता. विषमता कमी असण्यात त्याच्या जवळपास होते कोमोरोस आणि नेदरलंड्स. नेदरलंड्स सरासरीतही पहिल्या दहांत. दुसऱ्या टोकाला दक्षिण सुदान आणि सिएरा लिओन, जिथे हाच आकडा ३ च्या आसपास पोचत होता. शून्य ते दहाच्या शिडीवर हा आकडा जास्तीत जास्त ५ होऊ शकतो, तोही अर्धा देश तळाला आणि अर्धा थेट शिखरावर असेल तरच. हे लक्षात घेतलं की ३ म्हणजे किती मोठी फाटाफूट, ते जाणवतं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. पसारा कमी म्हणजे सगळं आलबेल असं मानलं की घात होतो. २०२२ साली गॅलपने अफगाणिस्तानात विचारलं तेव्हा ९८ टक्के लोकांची उत्तरं त्यांच्या मोजमापानुसार 'यातना' या गटात पडली; म्हणजे आजची पायरी चौथी किंवा त्याखालची आणि पाच वर्षांनंतर अपेक्षित असलेलीही तेवढीच. सगळेच तळाशी असल्यावर वरखाली अंतर राहणार कुठून? शिडीचं टोक जवळ आलं की पसाऱ्याला जागाच उरत नाही, हे साधं गणित आहे. त्यामुळे समाधानातली समता हा शब्द एकटा कधीच वापरू नये. सरासरी आणि पसारा ही जोडी सोबतच वाचायची असते.

आता या साऱ्यातला सर्वांत चक्रावून टाकणारा भाग. पैशाची विषमता वाढली की समाधानाची विषमताही वाढत असेल, असं आपण सहज गृहीत धरतो. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली १९७२ ते २००६ या काळातली उत्तरं तपासली. याच काळात तिथे श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी झपाट्याने रुंदावत होती. पण आनंदाची विषमता? ती १९७० आणि ८०च्या दशकांत चांगलीच घटली. पुढे त्यातली सुमारे एक-तृतीयांश घट वाया गेली, तरी उरलेली टिकली. देशाची एकूण सरासरी मात्र जागची हलली नव्हती. म्हणजे सगळा देश वर चढला असं झालं नाही, माणसं एकमेकांच्या जवळ आली.

आणखी खोलात गेलं की त्यात माणसांच्या कहाण्या दिसू लागतात. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अमेरिकनांच्या आनंदातलं दोन-तृतीयांश अंतर या काळात बुजलं. १९६०च्या दशकातल्या नागरी हक्कांच्या लढ्यानंतर वाढलेली पिढी ही उत्तरं देत होती, हे विसरता येत नाही. स्त्रिया आणि पुरुष यांच्यातलं अंतर तर पूर्णच मिटलं, पण ते कसं मिटलं ते पाहा: आधी स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक आनंदी असल्याचं सांगत होत्या, आणि त्यांची उत्तरं खाली येत येत पुरुषांच्या पातळीला आली. समता आली, पण एका बाजूच्या उतरण्यातून आली. शिक्षणाच्या बाबतीत मात्र उलटी गंगा. पदवीधर आणि कमी शिकलेले यांच्यातलं अंतर चांगलंच वाढलं. एकाच देशात, एकाच काळात एक भिंत कोसळत होती, दुसरी उभी राहत होती आणि एकूण आकडा या सगळ्याची बेरीज करून गप्प बसला होता.

अँड्र्यू क्लार्क, सारा फ्लेश आणि क्लोदिया सेनिक यांना अनेक देशांत हेच आढळलं. अर्थव्यवस्था वाढत गेलेल्या देशांत समाधानाचा पसारा आक्रसला. अगदी तळाची उत्तरं कमी झाली आणि अगदी शिखरावरचीही. उत्पन्नाची विषमता वाढली की समाधानाची विषमता वाढते, हेही त्यांना दिसलं, पण वाढीचा परिणाम त्याहून भारी ठरत होता. तळाचा भाग मला समजतो: घरात नळ आला, दवाखाना जवळ आला, पोरं जगू लागली की 'याहून वाईट काही असूच शकत नाही' असं म्हणणारी माणसं घटतात. शिखरावरची माणसं का घटावीत हे अधिक गूढ आहे. मला वाटतं, जग जसजसं मोठं दिसू लागतं तसतशी दहावी पायरीही वर सरकत जाते.

पण पैसा, नळ, दवाखाना यांतलं काहीही न बदलता समाधानातली दरी मिटू शकते का? एकदा मिटली होती.

दक्षिण आफ्रिकेत व्हॅलेरी मोलर आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनमानाबद्दल लोकांना प्रश्न विचारत आले होते. वर्णभेदाच्या राजवटीत उत्तरं अपेक्षेप्रमाणेच होती: गोरे मोठ्या संख्येने समाधानी, काळे मोठ्या संख्येने असमाधानी, मधल्या पायऱ्यांवर भारतीय वंशाचे आणि मिश्रवर्णीय लोक. कायद्याने माणसांची जी उतरंड रचली होती, तीच आकड्यांमध्ये जशीच्या तशी उमटत होती. मग एप्रिल १९९४ च्या शेवटी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्या माणसांना जन्मात कधी मत देता आलं नव्हतं, ती मैल मैल लांब रांगांत उभी राहिली. १० मे रोजी नेल्सन मंडेला यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच महिन्यात संशोधकांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. आणि काळ्या व गोऱ्या नागरिकांची उत्तरं पहिल्यांदाच एका पातळीला आली.

जरा थांबून विचार करा. त्या काही आठवड्यांत कुणाची झोपडी पक्की झाली नव्हती. मजुरी तीच होती, पाण्याचा नळ होता तितकाच लांब होता. बदललं होतं ते एवढंच, की त्या माणसाची गणती झाली होती. अर्थशास्त्राची जी सूत्रं उत्पन्न, आरोग्य आणि शिक्षण यांच्या आधारे समाधानाचा अंदाज बांधतात, त्यांतल्या एकाही सूत्राला हा आकडा आधी सांगता आला नसता. साधारण दीड वर्षाने पुन्हा विचारलं तेव्हा जुनी दरी परत आली होती, कारण झोपडी आणि नळ खरंच तसेच होते. काहींना यात केवळ उत्साहाची क्षणिक लाट दिसते. मला त्यात एक मोजमाप दिसतं. सन्मानाचं वजन किती असतं, हे एवढ्या स्वच्छपणे मोजलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे हे वजन दुसऱ्या बाजूने मोजलं गेलं आहे. डीन स्पिअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांमध्ये हीच शिडीची विचारणा जातीशी जोडून तपासली. त्यांचा निबंध २०१६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. तथाकथित खालच्या जातींतली माणसं खालच्या पायऱ्या सांगतात, यात नवल नाही. त्यांच्याकडे जमीन कमी, घरं कच्ची. पण संपत्तीतला हा फरक हिशेबातून वजा केल्यावरही अंतर उरतंच. सारख्याच ऐपतीची दोन घरं, तरीही पायरी वेगळी. उरलेलं ते अंतर वर्षानुवर्षं सोसलेल्या वागणुकीचं आहे, असं मी मानतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि त्या मनोऱ्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. कँट्रिल यांच्या शिडीत एक गृहीतक दडलेलं आहे: वर जाता येतं. आंबेडकरांनी त्याच्या कितीतरी आधी अशा समाजाचं वर्णन केलं होतं, जिथे हे गृहीतकच लागू पडत नाही. ती शिडी आणि हा मनोरा शेजारी ठेवले की स्पिअर्स यांचा तो उरलेला आकडा कशाचा, ते कळतं.

भारतातल्या वृद्धांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२४ च्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'मध्ये एक प्रकरण होतं, त्यातही हाच धागा सापडतो. म्हातारपणी समाधान कशाशी सर्वाधिक बांधलेलं आहे, याचा शोध घेतला तेव्हा पहिल्या तीन गोष्टी निघाल्या: आपण जिथे आणि ज्यांच्यासोबत राहतो त्याबद्दलचं समाधान, आपल्याला भेदभावाची वागणूक मिळते का याची जाणीव, आणि तब्येत.

मनाच्या आजाराबद्दलही बोलायला हवं, कारण श्रीमंत देशांत तळाच्या पायऱ्यांवर कोण उभं आहे याचं उत्तर बऱ्याच अंशी तिथे सापडतं. रिचर्ड लेयर्ड, अँड्र्यू क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन, अमेरिका, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया इथली माहिती तपासली. अशा देशांच्या आत माणसामाणसांच्या समाधानात जो फरक असतो, त्यातला उत्पन्नामुळे उलगडणारा भाग दोन टक्क्यांच्या आसपासच निघतो. त्यांच्या हिशेबानुसार गरिबी दूर केल्याने अतीव दुःखात जगणाऱ्यांची संख्या ५ टक्क्यांनी घटेल, आणि नैराश्य व चिंतेचे विकार दूर केल्याने २० टक्क्यांनी. गरिबी दुय्यम आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. पण शेजारच्या बंगल्यातला माणूस पहिल्या पायरीवर असू शकतो आणि बँकेच्या खात्यावरून ते कुणालाच कळणार नाही, हे या आकड्यांमुळे मान्य करावं लागतं.

मग काही समाजांत पसारा कमी आणि सरासरी वर, हे जमतं कसं? लिओनार्ड गॉफ, जॉन हेलिवेल आणि गाय मेराझ यांना आढळलं की देशाच्या सरासरी समाधानाशी उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा समाधानाच्या विषमतेचं नातं अधिक घट्ट आहे. हेलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतरच्या अहवालांत त्यामागची एक यंत्रणा दाखवली: विश्वास. ज्या समाजात माणसं एकमेकांवर आणि सरकारी यंत्रणेवर भरवसा ठेवतात, तिथेही आजारपण येतं, नोकरी जाते, माणूस एकटा पडतो. पण अशा आपत्तीत समाधानाची जेवढी पडझड होते, ती विश्वास असलेल्या समाजात कमी होते. दुर्दैव तेवढंच, घसरण कमी पायऱ्यांची. त्यामुळे पसारा आपोआप आवळतो.

यावरून २०१३ सालचा एक छोटासा प्रयोग आठवतो. 'रीडर्स डायजेस्ट'ने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम हरवली, आत पैसे आणि मालकाचा फोन नंबर ठेवून. हेलसिंकीत १२ पैकी ११ परत आली. आणि दुसऱ्या क्रमांकावर होती आपली मुंबई, ९ पाकिटं परत! बारा पाकिटांवरून शहराची पारख होत नाही, हे खरं. पण मोठ्या पाहण्यांतूनही असंच दिसतं, की हरवलेलं पाकीट परत मिळण्याची माणसांची अपेक्षा प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी असते. आपल्या शहरातली माणसं आपल्याला वाटतात त्याहून चांगली आहेत, आणि ते ठाऊक नसण्याची किंमत आपण आपल्याच समाधानातून मोजतो.

फिनलंडबद्दल याहून विलक्षण एक गोष्ट २०१८ च्या अहवालात होती. त्यात स्थलांतरितांची क्रमवारी वेगळी लावली होती आणि तिथेही फिनलंडच पहिला आला. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांची पायरी सर्वसाधारणपणे त्या त्या देशातल्या मूळ रहिवाशांच्या पायरीच्या जवळ सरकते. म्हणजे हा गुण रक्तातला किंवा हवेतला नाही, सोबत राहण्याच्या रीतीतला आहे, आणि तो नव्याने आलेल्यालाही मिळतो.

अलीकडची बातमी मात्र काळजीची आहे. २०२४ च्या अहवालानुसार त्याआधीच्या बारा-एक वर्षांत समाधानाची विषमता जगभरात वीस टक्क्यांहून अधिक वाढली. युरोप तेवढा अपवाद. वयाप्रमाणे देश कसे दुभंगत चालले आहेत, हेही त्यात दिसलं. साठीच्या पुढच्या माणसांचीच उत्तरं घेतली तर अमेरिका जगात दहावी. तिशीच्या आतल्यांची घेतली तर बासष्टावी. लिथुआनियात अगदी उलटं: तिशीच्या आतल्यांमध्ये तो जगात पहिला आणि साठीच्या पुढच्यांमध्ये चव्वेचाळिसावा. तिथल्या आजोबांनी उमेदीची वर्षं सोव्हिएत राजवटीत काढली. नातवंडं वाढली स्वतंत्र देशात, २००४ नंतर युरोपीय संघाची खुली सरहद्द ओलांडत. नातवंडं आपल्या साठीला पोचतील तेव्हा आजची पायरी सोबत घेऊन जातील, की वयाबरोबर तीही सरकेल? हे कळण्यासाठी काही वेगळं करायला नको. तोच साधा प्रश्न दरवर्षी हजार माणसांना विचारला जातच आहे, आणि उत्तरं साठत आहेत.